छताला लिहिलेलं ‘भेटेल’

घर, मंगळवार दुपार
(दाढ दुखायची थांबली आहे. मी अजून थांबलेले नाही.)

चि. भोंग्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

(साठीला टेकलेल्या माणसाला भोंग्या म्हणू नये, असं तुझी बायको मागे म्हणाली होती. तिने तुला पाळण्यात ऐकलेलं नाही.) तुझी पाठ कशी आहे? सकाळी फिरायला जातोस, की नुसते बूट घालून गॅलरीत उभा राहतोस? तुझ्या बायकोचा गुडघा, थोरल्याची नोकरी, धाकटीची परीक्षा, सगळं ठीक आहे असं मी धरून चालते. काही बिनसलं असतं तर तुझा फोन आला असता. सगळं ठीक असताना तुझा फोन आल्याचं मला आठवत नाही. इकडे सर्व क्षेम, एक दाढ वगळून. डावीकडची, खालची. पत्र लिहिण्याचं कारण तीच, असं तूर्त समज. आणि हे पत्र बसून वाच. मी ते स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने लिहिते आहे, कारण हल्ली खुर्चीत बसलं की ती आपोआप मागे कलंडेल अशी धास्ती वाटते. का, ते पुढे येईलच. मधली पानं गाळू नकोस.

निवृत्त झाल्यापासून माझं कशात मन लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर यायचं आणि तिथून शुद्ध होऊन जायचं. ‘वारसाला रक्कम भेटेल’ हे वाक्य मी किती वेळा अडवलं याला गणती नाही. रक्कम मिळते. भेटतो तो माणूस. रक्कम काय कोपऱ्यावर पिशवी घेऊन उभी असते, ‘अय्या, किती दिवसांनी!’ म्हणत? हे मी नव्या पोरांना समजावून सांगायचे, ती माना डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी ‘आपलं पत्र भेटलं’ अशी सुरुवात करायची. आता टेबल नाही, पत्रं नाहीत, पण लाल पेन आहे, आणि रिकामा माणूस काय करील याचा नेम नसतो. आमच्या जिन्यात ‘उद्या पाणी भेटणार नाही’ अशी सूचना लागली होती, ती मी दुरुस्त केली. (सेक्रेटरी आता सूचना लावण्याआधी दार वाजवून मला दाखवून जातात. चेहऱ्यावरून ते खूश नसतात.) समोरच्या बिऱ्हाडातली बाई चांगली आहे, चहाला बोलावते, पण ‘साखर टाकू का?’ असं विचारायची. टाकतात तो कचरा, साखर घालतात, असं मी एकदाच सांगितलं. तेव्हापासून ती विचारतही नाही आणि घालतही नाही. तर अशी मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत (टाकत नव्हे) असताना दाढ ठणकू लागली, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. काहीतरी काम निघालं.

दातांचा दवाखाना बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली दोरखंड आणि रंगाचे डबे विकणारं दुकान, वर डॉक्टर. जिन्यात ओल्या सुतळीचा वास येतो आणि वर पोचलं की लवंगेच्या तेलाचा. काउंटरवर एक बाई बसतात. त्या चष्म्यावरून बघतात तेव्हा आपण काहीतरी उचललंय असं आपल्यालाच वाटायला लागतं.

“डॉक्टर आत्ता नाही भेटणार,” त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, वा, चोख. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, “पाचची वेळ भेटेल.”

“मिळेल,” मी म्हटलं.

“तेच तर सांगतेय. भेटेल. दात काढायचाय का?”

आता दात काढणे म्हणजे फिदीफिदी हसणे. तो दवाखान्यात काढून घेतात आणि भांडणात पाडतात. हे तीन वेगळे प्रसंग आहेत, आणि चौथा आमच्या दोघींत तिथेच उभा राहणार असं दिसायला लागल्यामुळे मी निमूटपणे बाकावर जाऊन बसले. समोर भिंतीवर निळ्या रंगात, कुणीतरी सावकाश बसून काढावीत अशा अक्षरांत लिहिलं होतं: ‘दुःखालाही दोन घटका बसायला द्या खुर्ची.’ कुणाची ओळ कोण जाणे, पण क्रियापद बरोबर होतं. मला डॉक्टरांबद्दल आदर वाटला. तो पाच वाजेपर्यंत टिकला.

पाच वाजता मी आत जाऊन त्या लांबलचक खुर्चीत पडले. डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील, उंच, हडकुळे, हळू बोलणारे. ‘आ करा, मावशी,’ म्हणाले. (मावशी! मी ते सोडून दिलं, कारण आ केलेला होता.) त्यांनी दिवा ओढला, खुर्ची मागे कलती केली आणि माझी नजर छताकडे गेली. तिथेही तीच निळी अक्षरं, पण हातभर मोठी. आपल्याला शाळेत ज्यांची कविता होती ना, ते दाढीवाले कवी, त्यांची ती सर्वांना पाठ असलेली ओळ. लग्नात म्हणतात, निरोप समारंभात म्हणतात, माझ्या निरोपाला आमच्या साहेबांनी म्हटली होती तीच:

‘जे हरवले ते भेटेल, वेड्या, पुढच्या वळणावर;
दिवा विझू दे, पाय तेवढे राहू दे रस्त्यावर.’

भेटेल! अरे, ‘जे’ हरवले ‘ते’! नपुंसकलिंगी वस्तू! शाळेच्या पुस्तकात ‘मिळेल’ आहे ते, मिळेल! शेंबड्या पोराला विचार. आणि माझी अवस्था अशी, की तोंडात दोन बोळे, एक आरसा आणि एक ती पाणी ओढणारी नळी. जन्मभर ज्या शब्दाला मी दारात अडवलं, तो माझ्या डोक्यावर उताणा पडून माझ्याकडे बघत होता आणि मला ‘अं’ म्हणण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मी ‘अं’ म्हटलं. डॉक्टर म्हणाले, दुखतंय? मी मान हलवली, नाही. त्यांना ती ‘हो’ वाटली. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. मी छताकडे बोट दाखवलं. आणि इथे, भोंग्या, एक विचित्र गोष्ट घडली, तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. त्यांनी हातातलं यंत्र बंद केलं. छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडातले बोळे भराभर काढले आणि अगदी जवळ वाकून विचारलं, “ओळखीची वाटते ओळ? कुठे ऐकलीत?”

मी जड झालेल्या जिभेने म्हटलं, “शाळेत.”

त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता माझी दाढच निसटून त्यांच्या हातात आली की काय. “हो, शाळेत असतेच,” असं म्हणून त्यांनी पुन्हा यंत्र सुरू केलं. मला वाटलं, चूक पकडली गेली म्हणून ओशाळले. म्हणून मी जरा जोर केला. गळ्याला बांधलेल्या कागदी फडक्याचा कोपरा फाडला, खिशातलं लाल पेन काढलं आणि पडल्या पडल्या ठळक अक्षरांत ‘मिळेल’ लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्याच वेळी ते म्हणत होते, “मुळापर्यंत गेलंय, तीन-चार खेपा लागतील, पुढच्या आठवड्यात वेळ मिळेल ना तुम्हाला?” त्यांनी माझा कागद वाचला, प्रसन्न हसले आणि बाहेर ओरडून सांगितलं, “मावशींना रूट कॅनलला घ्या!”

घरी येताना एक गोष्ट मला टोचत राहिली, आणि ती दाढ नव्हे. ‘वेळ मिळेल ना’, असं म्हणाला होता हा माणूस. बोलताना बरोबर आणि छतावर चूक! अज्ञानाची चूक मी समजू शकते. तिला औषध आहे. पण येत असून चुकायचं, तेही हातभर अक्षरांत, तेही जिथे माणूस हलू शकत नाही अशा ठिकाणी? दाताच्या फटीत धागा अडकला की जीभ जशी घटकाभर स्वस्थ बसत नाही, तसं माझं झालं. भाजी चिरताना ‘भेटेल’. आंघोळीला बसले की ‘भेटेल’. त्या चार दिवसांत मी कपाटं आवरली, पुन्हा विस्कटली, सेक्रेटरींची एक बरोबर सूचनासुद्धा दुरुस्त केली. शेवटी ठरवलं, की हे आपल्यालाच करायला हवं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी डावा जबडा बधिर केला आणि त्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. मी उठले. शेजारच्या ताटलीत कापूस होता, बाटलीत स्पिरिट होतं. मी सँडल काढल्या (मला रीत आहे), खुर्चीवर चढले, बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि ‘भे’ पुसायला घेतला. बेत साधा होता: ‘भेटे’ एवढंच पुसायचं, लाल पेनाने ‘मिळे’ लिहायचं, ‘ल’ त्यांचाच ठेवायचा. कमीत कमी दुरुस्ती, हा माझा नोकरीतला शिरस्ता. ‘भे’ छान निघाला. ‘टे’ला हात पोचेना म्हणून मी एक पाय खुर्चीच्या दांडीवर दिला, आणि त्या दांडीवर, भोंग्या, बटणं असतात. खुर्ची घरघरली आणि मला घेऊन वर निघाली. मी दुसरं बटण दाबायला म्हणून दुसरा पाय टेकला, तर पाठ मागे पडू लागली. म्हणजे मी आधी वर गेले आणि मग आडवी झाले. (हा क्रम ध्यानात ठेव. एरवी माणसं आधी आडवी होतात आणि मग वर जातात.) आधारासाठी जे हाताला लागलं ते धरलं, तर तो पाण्याचा फवारा निघाला. बाटली पडली, दिवा गरकन फिरला, आणि काउंटरवरच्या बाई दारात उभ्या राहून चष्म्यावरून बघत असताना मी छतापासून वीतभर अंतरावर, ओलीचिंब, हातात निळा बोळा घेऊन पडले होते. माझ्या नाकासमोर लिहिलेलं होतं: ‘जे हरवले ते टेल, वेड्या.’

“मॅडम,” बाई म्हणाल्या, “तुमचा नंबर खालच्या खुर्चीचा आहे.” आणि त्यांनी पायाने कुठलंतरी बटण दाबून मला जमिनीवर आणलं.

डॉक्टर आले. मी सगळी तयारी केली होती. ते ओरडतील, मग मी व्याकरण सांगेन, मग ते वरमतील. त्यांनी वर पाहिलं आणि त्या चाकांच्या स्टुलावर बसले. माझ्या केसांतून थेंब गळत होते तेवढाच आवाज. मग मीच अर्ध्या तोंडाने सुरू केलं, की वस्तू मिळते, माणूस भेटतो, मूळ कवितेत…

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “मीसुद्धा त्याला हेच सांगायचो.”

मग जे कळलं ते असं. शिकत असताना ते एका खोलीत एका मित्राबरोबर राहायचे. मित्र जहाजाच्या इंजिनाचं काहीतरी शिकत होता. विसराळूपणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कंगवा हरवायचा, मोजे हरवायचे, एकदा तर म्हणे परीक्षेच्या सकाळी चष्मा हरवला आणि तो नाकावर होता. आणि काहीही हरवलं, की हा खाटेवर पडून मोठ्याने म्हणायचा, ‘जे हरवले ते भेटेल, वेड्या!’ डॉक्टर चिडायचे. कंगवा भेटत नाही रे, मिळतो. कवितेची वाट लावू नकोस. यावर दोघांची रोज जुंपायची. एकदा मित्राने विचारलं, “बरं, आणि मी हरवलो तर? मी मिळेन का भेटेन?” डॉक्टरांनी उशी फेकून मारली. पुढे तो बोटीवर लागला. काही वर्षं खुशाली येत होती. मग ह्यांनी जागा बदलली, त्याने कंपनी बदलली, आणि तो जो नाहीसा झाला तो झालाच. भांडण नाही, तंटा नाही. नुसता हरवला, मोज्यासारखा.

“हा दवाखाना बंदराजवळ घेतला तो त्यासाठीच,” डॉक्टर म्हणाले. “दात कुणाला चुकले नाहीत. बोटीवरची माणसं इथे उतरली की दुखणारा दात घेऊन माझ्याकडेच येतात. त्यांतला एखादा कधीतरी त्याच्याबरोबर असेल, नाही का? तो कुठे का असेना, काही हरवलं की ती ओळ तशीच म्हणत असणार. बरोबर ओळ सगळ्यांनाच येते, मॅडम. ही चूक त्या एकट्याची आहे.”

म्हणून ते ‘भेटेल’. म्हणून कुणी छताकडे बघून दचकलं, की हा माणूस यंत्र बंद करून विचारतो, कुठे ऐकलीत. एकदा म्हणे एका बोटीवरचा आचारी ओळ वाचून असा ताडकन उठून बसला, की डॉक्टरांनी यंत्र टाकून त्याचे खांदेच धरले. पण त्याला सुई लागली होती. आणि मी म्हटलं होतं, शाळेत.

मला रडू आलं नाही. अर्धा जबडा बधिर असताना रडता येत नाही. मी प्रयत्न केला, तर एकीकडूनच वाकडं झालं आणि डॉक्टरांना वाटलं मी हसते आहे. मी म्हटलं, मी लिहून देते. मी पुसलंय, मीच लिहिणार. ते म्हणाले, “तुम्ही? चूक लिहाल?” त्या स्वरात खवचटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. खरोखरच काळजीने विचारलं त्यांनी, जसं ‘सहन होईल ना?’ विचारतात तसं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या दुकानातून निळ्या रंगाचा लहान डबा आणि ब्रश घेऊन वर गेले. या वेळी खुर्ची नाही, शिडी. काउंटरवरच्या बाईंनी शिडी धरली. जी बाई निवृत्तीच्या दिवशीसुद्धा शेवटच्या पत्रातलं ‘भेटेल’ खोडून घरी आली, ती मी, मान मोडेस्तोवर वर करून, जीभ बाहेर काढून, त्याच शब्दाचं पहिलं अक्षर रंगवत होते. झालं एकदाचं म्हणून मी खाली बघितलं, तर बाई चष्म्यावरून वर बघत होत्या.

“मॅडम, एक मात्रा राहिली.”

खरंच मी नुसता ‘भ’ काढला होता. मी निमूट मात्रा दिली. (आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कुणीतरी तपासलं, आणि दाखवलेली चूक बरोबर होती. मी त्यांना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, “थँक्यू म्हणू नका, ब्रश खाली टाका.” मी ब्रश खाली टाकला. त्या जागी ‘टाका’ बरोबरच होतं.)

पण ‘मात्रा’ हा शब्द डोक्यात घेऊन मी शिडीवरून उतरले, तो अजून उतरलेला नाही. घरी येऊन मी ती ओळ बोटांवर मोजली. मग दुसरी मोजली. मग दोन्ही पुन्हा मोजल्या, ओट्यावर टिचक्या मारून मोजल्या, चालता चालता मोजल्या. काय सांगू तुला! ‘मिळेल’ घेतलं की पहिली ओळ दुसरीपेक्षा एका मात्रेने तोकडी पडते. ‘भेटेल’ घेतलं की दोन्ही ओळी अशा बसतात, जसे त्या डॉक्टरांच्या टेबलावरच्या कवळीत वरखालचे दात. आता एवढा मोठा कवी, ज्याची एकही ओळ कुठे लंगडत नाही, तो नेमका इथेच कसा लंगडेल? मला तर एक भलताच संशय येतो. कवीने लिहिलं असेल ‘भेटेल’च. त्याच्या मनात हरवलेलं ‘ते’ म्हणजे मोजा नसेल, माणूस असेल. आणि शाळेचं पुस्तक छापायच्या वेळी कुठल्यातरी टेबलावर माझ्यासारखीच कुणी बाई लाल पेन घेऊन बसली असेल, आणि तिने कमीत कमी दुरुस्ती केली असेल.

आणि तसं असलं, तर बघ काय होतं. मी आयुष्यभर चुकीची निघाले, ते एक वेळ सोड. माझ्या वयात तेवढं पचतं. पण मग ती ओळ त्या हरवलेल्या मित्राची उरतच नाही. मग ती कुणीही म्हणू शकतो. मूळ पुस्तक वाचलेला कुणीही माणूस त्या खुर्चीत पडून ‘भेटेल’ ओळखेल, आणि डॉक्टर यंत्र बंद करून जवळ वाकतील, आणि तो म्हणेल, पुस्तकात आहे की. हे डॉक्टरांना सांगायला हवं की नको, याच विचारात मी गेले काही दिवस घरभर फिरते आहे. समोरची बाई परवा विचारत होती, जमीन झिजवायची आहे का? (‘झिजवायची’ बरोबर होतं. मी तिला सांगितलं. तिने साखर घातली.)

असो. डोकं चालेनासं झालं म्हणून तुला लिहिलं. तुझ्या पाठीला शेक दे, तेल चोळून घे, आणि उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवू नकोस, तो मला वाचता येत नाही. मुलांना पापे, तुझ्या बायकोला सांग की भोंग्याला भोंग्याच म्हणायचं असतं.

तुझी,
ताई

ता. क. दाढ हे पत्राचं खरं कारण नव्हे, हे तू ओळखलं असशीलच. बाबांच्या पुस्तकांची वाटणी झाली तेव्हा कवितेची सगळी पुस्तकं तू नेलीस आणि मी शब्दकोश घेतले. तू नेलेल्यांत या कवींचा मूळ संग्रह आहे, हिरव्या पुठ्ठ्याचा. खरं सांगायचं तर शाळेच्या पुस्तकाबाहेर ती कविता मी कधी पाहिलेली नाही. (हे तुझ्या-माझ्यात ठेव. त्या काउंटरवरच्या बाईंना कळलं तर मला पुन्हा वेळ ‘भेटणार’ नाही.) तेवढं उघडून बघ आणि एका कार्डावर फक्त ते क्रियापद लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, तशीही तुला सवय आहे.

ता. क. २. तिकीट नव्हतं म्हणून पाकीट पडून राहिलं, ते बरंच झालं. आज दाढेवर टोपी बसवायला गेले होते. माझ्या आधी एक गृहस्थ आत होते, कवितेचे शौकीन दिसले. गालावर हात धरून बाहेर आले आणि डॉक्टरांना म्हणाले, “ओळ छान निवडलीत हो. बहुतेक लोक ‘मिळेल’ म्हणतात, पण मला वाटतं मुळात…” डॉक्टर जागच्या जागी थांबले. हातातला टॉवेल तसाच. मी बाकावरून उठले आणि म्हटलं, “मुळात ‘मिळेल’च आहे. ‘भेटेल’ साफ चूक आहे.” ते म्हणाले, पण मात्रा बघितल्या तर. मी म्हटलं, तोंडात कापूस असताना मात्रा मोजू नयेत, रक्त येतं. आणि काउंटरवरच्या बाई, चष्म्यावरून न बघता, म्हणाल्या, “मॅडम विमा कंपनीत होत्या. त्यांना विचारूनच लोकांना पैसे भेटायचे.” मी ते दुरुस्त केलं नाही. गृहस्थ गेले. डॉक्टरांनी टॉवेल घडी करून ठेवला आणि मला म्हणाले, “या, ताई.”

तेव्हा कार्ड पाठवू नकोस. पुस्तकात ‘मिळेल’ असेल, तर पुस्तकच पाठव, मी त्यांना नेऊन दाखवीन. ‘भेटेल’ असेल, तर पुस्तकाला वाळवी लागली असं कळव. म्हणजे मला कळेल, आणि मला कळलं नाही असंही म्हणता येईल.

ता. क. ३. आणि तुझ्याकडे पुस्तकांचे जे हाल असतात ते बघता वाळवी खरोखरच लागली असेल, तर मग ओलीने खराब झालं असं लिही, म्हणजे घोटाळा नको. फक्त ‘ओल लागली’ लिहू नकोस. ओल येते. लागते ती वाळवी.